दिवा बारीक कर

आमच्या घरात दिवा बारीक करायची पद्धत होती. म्हणजे तसं म्हणायची पद्धत होती. आमचे सगळे दिवे बटणाचे, एक तर लागणारे नाही तर बंद होणारे. तरी रोज मी पुस्तक घेऊन बसलो की माझी बायको कुशीवर वळायची आणि म्हणायची, "दिवा बारीक कर ना."

"हा होत नाही बारीक."

"कर काहीतरी."

मग मी टेबलावरच्या दिव्याचं तोंड भिंतीकडे वळवायचो, किंवा त्याच्यावर माझा रुमाल टाकायचो. एका निळ्या रुमालावर त्या उष्णतेनं पडलेला खाकी डाग अजून आहे. पुढे ते गरम दिवे गेले, एलईडी आले, रुमाल करपायचे थांबले. तिचं वाक्य मात्र तेच राहिलं. बरं, दिवा भिंतीकडे वळवून तिचं समाधान झालं आहे का, हे मी कधी विचारलं नाही. फार वेळ वाचायचं असलं की मी बाहेरच्या खोलीत जायचो आणि जाताना आतला दिवा सरळ बंद करायचो. मला वाटायचं, तिला झोपायला अंधार हवा आहे.

आमची मुलगी दिल्लीत जन्मली, दिल्लीतच वाढते आहे. तिच्या मराठीत निम्मं हिंदी असतं. तिला या वाक्याची भारी गंमत वाटायची. "आई, लाईट काय पेन्सिल आहे का? बारीक कशी होणार यार?" त्यावर बायको म्हणायची, "गॅस बारीक होतो, आवाज बारीक होतो, मग दिव्यानं काय घोडं मारलंय?" मुलगी खिदळायची. घोडं मारणं हेही तिला नवीनच असायचं.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर माझी बायको गेली. आजारी होतीच, पण इतक्या लवकर जाईल असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या रात्री तिला श्वास लागला, मी गाडी बोलावली, वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई येऊन घरात बसल्या. मुलगी तिच्या खोलीत झोपली होती. खोलीत अंधार होता. तिला उठवू नकोस, असं बायकोनंच मला हातानं खुणावलं. सकाळी मुलगी उठली तेव्हा घरात शेजारीणबाई होत्या आणि आई नव्हती. मग आई परत आलीच नाही.

त्यानंतर मुलीनं तिच्या खोलीतला दिवा बंद करू दिला नाही.

*

लक्ष्मीबाई नगरातलं आमचं सरकारी क्वार्टर म्हणजे झोपायच्या दोन खोल्या आणि बाहेरची एक. मी एका सरकारी कचेरीत अनुवादक आहे. दिवसभर परिपत्रकं आणि नियमावल्या मराठीत आणतो. बायको ज्या खोलीतून गेली त्या खोलीत मी झोपतो. मुलगी त्या खोलीत येत नाही. दारातून बोलते, हवं ते मागते, पण उंबरठा ओलांडत नाही. ती तिच्या खोलीत झोपते, आणि तिच्या पलंगाशेजारी फोल्डिंगच्या खाटेवर आबा.

आबा म्हणजे माझे सासरे. बायको आबा म्हणायची, म्हणून मीही म्हणतो आणि मुलगीही म्हणते. साताऱ्याकडच्या एका खेड्यातले. फौजेत हवालदार होते, निवृत्त होऊन किती तरी वर्षं झाली. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. लेकीच्या दिवसांसाठी म्हणून आबा दिल्लीला आले आणि दिवस झाल्यावरही राहिले. राहा असं मी म्हटलं नाही, राहतो असं त्यांनी म्हटलं नाही. मुलीनं त्यांची खाट स्वतःच्या पलंगाला चिकटवली, एवढंच झालं.

मला ते पहिल्या दिवसापासून अहो-जाहो करतात. चारचौघांत 'जावईबापू', घरात नुसतं 'अहो'. मी जेवायला बसल्याशिवाय ते ताटाला हात लावत नाहीत. आंघोळीचं गरम पाणी आधी मला. मी कितीदा सांगितलं, आबा, मला अरे म्हणा. ते हसतात. त्यांच्या लेखी जावई म्हणजे कायमचा पाहुणा, आणि पाहुण्याला कोण अरे म्हणतं?

मुलीशी मात्र त्यांचं एकदम सूत जुळलं. त्यांची फौजी हिंदी आणि तिची दिल्लीची हिंदी एकमेकींना सलाम ठोकत घरभर फिरायच्या. पण झोपायच्या वेळी ते तिच्याशी गावाकडच्या मराठीत बोलायचे, आणि ती गप्प राहून ऐकायची. मी एकदा विचारलं, कळतं का सगळं? ती म्हणाली, "नाही. पण आईसारखं वाटतं."

त्या खोलीत छताजवळ पांढऱ्या उजेडाची एलईडी ट्यूब आहे. कपाटामागची धूळसुद्धा दिसावी असा उजेड. तिच्याखाली मुलगी शांत झोपायची आणि आबा टॉवेलची घडी डोळ्यांवर ठेवून पडून राहायचे. आयुष्यभर ठरल्या वेळी दिवे बंद करून गुडुप अंधारात झोपलेला माणूस. मला ते कळायला वेळ लागला, कारण ते कधी बोललेच नाहीत. पण दिवसा ते कुठेही डुलक्या घ्यायला लागले. खालच्या बागेत उन्हात बसलेल्या म्हाताऱ्यांमध्ये फक्त आबांची मान छातीवर. मटार सोलताना हात थांबलेले आणि शेंग चिमटीत तशीच.

"झोप होते ना आबा रात्री?"

"लागती की. फस्क्लास."

"डोळे लाल दिसतात."

"वय झालं. तांबडं होणारच."

अशाच एका दुपारी, मटारच्या ढिगाशी बसून, खाली बघत ते म्हणाले, "तेवढं माझं तिकीट बघा."

"कुठलं?"

"गावचं. कामं पडल्यात."

त्यांची जमीन पुतण्याकडे वाट्यानं दिली आहे. गावात त्यांची कुठलीही कामं पडलेली नाहीत, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, बघतो. मुलगी तिथेच गृहपाठ करत होती. तिनं वही मिटली, आबांच्या पुढ्यातलं पातेलं ओढून घेतलं आणि भराभर मटार सोलायला लागली.

संध्याकाळी मी भाकरी टाकत होतो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

"आबा जाणारेत?"

"म्हणतायत तसं."

"मग त्यांना सांग, जाताना मला उठवायचं. पक्का. मी झोपले असले तरी."

"सांगतो."

"प्रॉमिस घे त्यांच्याकडून. लाईट चालू असली तर मला दिसतं कोण जातंय ते. पण तरी सांग."

तव्यावरची भाकरी करपली. पांढऱ्या ट्यूबखाली ती एवढी शांत का झोपते, ते मला तेव्हा कळलं. तिला अंधाराची भीती नव्हती. ती पहारा देत होती.

*

मला एवढंच सुचलं: आबांना झोप लागली, तर ते राहतील. आणि मुलीला दिसत राहिलं, तर ती झोपू देईल. म्हणजे उजेड हवा आणि नकोही. म्हणजे दिवा बारीक करायला हवा.

मी वाचायला लागलो. काहीही करायचं झालं की मी आधी वाचतो. बायको याला टाळाटाळ म्हणायची. उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाला डिमर म्हणतात हे मला ठाऊक होतं. तरीही सरोजिनी नगरच्या बाजारात, इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर उभा राहिल्यावर माझ्या तोंडून निघालं, "भाईसाब, बत्ती बारीक करने का स्विच है?"

"बारीक? है ना जी!" दुकानदारानं खुशीत एक खोकं काढलं. आतून पापडासारखा पातळ, चौकोनी दिवा निघाला. "ये देखो, इस से बारीक पूरे मार्केट में नहीं मिलेगा. दीवार से चिपक जाएगा."

"नहीं नहीं, बत्ती नहीं. रोशनी बारीक करनी है."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "सर जी, रोशनी मोटी-बारीक नहीं होती. कम-ज्यादा होती है." शेजारच्या गिऱ्हाईक बाई तोंडावर ओढणी धरून हसल्या. "बारीक तो सेवई होती है," त्या म्हणाल्या.

"डिमर," मी म्हणालो.

"तो डिमर बोलो ना!" दुकानदार म्हणाला, आणि पंख्याच्या रेग्युलेटरसारखं दिसणारं एक बटण माझ्या हातात ठेवलं.

मला राग आला नाही. परत येताना मी एकटाच हसत होतो. शब्दाला शब्द शोधणं हेच माझं काम, आणि तिचा एक शब्द माझ्या जिभेवर इतका बसला होता की हिंदी बोलतानाही तो हिंदीच वाटला. घरी जाऊन हे तिला सांगायचं, असं मी ठरवलं सुद्धा. मोठा रस्ता ओलांडताना आठवलं, की सांगायला ती नाही.

ते बटण मी त्याच संध्याकाळी बसवलं. मुख्य स्विच पाडला, टेस्टरनं वीज नाही याची खात्री केली, आबांनी टॉर्च धरला. ट्यूबच्या स्विचच्या जागी डिमर आला. मुख्य स्विच वर केला, बटण फिरवलं. निम्म्यापर्यंत ट्यूब तशीच पांढरी राहिली, मग एकदम फडफडायला लागली आणि तिच्यातून माशी घोंघावल्यासारखा आवाज यायला लागला.

"ही तर सिग्नल द्यायला लागली," आबा म्हणाले. "कुठल्या पोस्टला कळवताय?"

मी मुख्य स्विच पुन्हा पाडला, तेच बटण भिंतीवरच्या होल्डरच्या स्विचच्या जागी जोडलं आणि होल्डरमध्ये घरातला साधा एलईडी बल्ब लावून पाहिला. तोही तसाच. मुलगी कानांवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, बंद कर, ही लाईट आजारी आहे." मग तिनं आमच्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. मी दोन्ही जुने स्विच परत बसवले, ट्यूब पुन्हा पहिल्यासारखी लख्ख लागली, आणि आबांनी निमूट टॉवेलची घडी उशाशी ठेवली.

नंतर मी बल्बचं खोकं उलटं करून वाचलं. एका कडेला, मुंगीएवढ्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं: डिमरसोबत वापरू नये. दिवसभर मी दुसऱ्यांच्या कागदांवरची हीच अक्षरं वाचत असतो.

"तिकिटाचं बघितलं का?" आबांनी विचारलं.

"शनिवारी बघू," मी म्हणालो. "शनिवारी आधी चांदणी चौकात जाऊन येऊ. या सामानाचा मोठा बाजार तिकडे आहे."

*

शनिवारी मुलीला शेजारीणबाईंकडे सोडून आम्ही आयएनए स्टेशनावरून मेट्रो पकडली. ज्येष्ठांच्या जागेवर आबा, त्यांच्यापुढे दांडी धरून मी. आबा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. गाडी जमिनीखाली होती, खिडकीत काळोख आणि त्यात आमचीच तोंडं.

मी म्हणालो, "आबा, आज नीट दिवा मिळेल. तुमची झोप झाली की बरं वाटेल तुम्हाला. मग जायची घाई राहणार नाही."

"दिव्याचं न्हाय हो ते," आबा म्हणाले.

"मग?"

ते जरा वेळ टोपी फिरवत राहिले. "लेकीच्या घरी बापानं किती दिवस राहायचं? ती असताना मी कधी आठवड्याच्या वर राहिलो न्हाय. ती भांडायची. मी म्हणायचो, तुझ्या दाराचं पाणी पितोय हेच लई झालं, आमच्या बापानं तेवढंबी केलं नव्हतं." त्यांनी टोपी पुन्हा मांडीवर ठेवली. "आता लेक न्हाय. आता हे जावयाचं घर. मी कुणाच्या नात्यानं राहू?"

"तुमची नात आहे की."

"नात तुमची. तुमचं नाव लावती. उद्या तुमची माणसं म्हणतील, म्हाताऱ्यानं मुक्कामच ठोकला."

माझी माणसं म्हणजे पुण्यात एक भाऊ आणि भावजय. ती असं काही म्हणणार नाहीत. पण आबा ज्या नियमाबद्दल बोलत होते तो कुणी म्हणण्या-न म्हणण्यावर अवलंबून नव्हता. मेट्रोतल्या बाईनं पुढच्या स्टेशनाचं नाव सांगितलं आणि आम्ही उतरलो.

बाजारात एका दुकानात भिंतभर दिवे आणि खाली पाटीवर बटणं मांडून ठेवली होती, फिरवून बघण्यासाठी. या वेळी मी तयारीनं गेलो होतो. बल्बच्या खोक्यावर डिमरवर चालतो असं लिहिलेलं हवं. आणि डिमरही एलईडीसाठी बनवलेलाच हवा. जुन्या डिमरला जुन्या, वीज खाणाऱ्या बल्बांची सवय असते, एकटा छोटा एलईडी त्याला पुरत नाही आणि दिवा फडफडतो. दुकानातल्या माणसानं मान हलवली आणि तीन-चार प्रकार पुढे केले. एक बोटानं स्पर्श केला की चालणारा, काचेसारखा गुळगुळीत. एक रिमोटचा. एक फोनवरून चालणारा. आणि एक साधा, गोल, फिरवायचा.

"फोनवाला तिला आवडेल," मी म्हणालो.

आबांनी गुळगुळीत काचेवर बोट ठेवून पाहिलं आणि काढून घेतलं. "अंधारात हाताला काय लागणार? काच?" मग त्यांनी गोल बटण चिमटीत धरलं आणि हळूहळू डावीकडे फिरवलं. समोरचा पिवळसर दिवा हळूहळू खाली गेला, न फडफडता, आवाज न करता. त्यांनी तो परत वर नेला. परत खाली. दुकानातला माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला तरी आबांचं चाललंच होतं.

"वातीसारखं हाय," ते म्हणाले. "कंदिलाला हितंच असायचं चाक."

सामान घेऊन आम्ही एका चहाच्या टपरीवर थांबलो. त्यांना हसवावं म्हणून मी सरोजिनी नगरचा किस्सा सांगितला, पापडासारखा दिवा आणि शेवया म्हणणाऱ्या बाई. ते हसले, पण मध्येच थांबले.

"तुमी 'बारीक' म्हणालात? तुमच्या पुण्यात तर 'मंद' म्हणत असतील. का दिवा 'कमी तेजस्वी करावा'?"

"मी तिच्याकडून शिकलो. ती रोज म्हणायची, दिवा बारीक कर."

"रोज?"

"रोज झोपताना. आमचा दिवा बारीक व्हायचा नाही. तरी म्हणायचीच."

आबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. गर्दीतून हातगाडीवाले ओरडत जात होते, आमच्या मागे कुणीतरी तारांची वेटोळी उतरवत होतं. आबा रस्त्याकडे बघत बोलायला लागले.

"मी सुट्टीवर यायचो. परत जाताना पहाटेची पहिली एसटी असायची. लेक बारकी होती, पाच-सहाची. मी जाणार म्हणलं की आदल्या दिवसापासून गप व्हायची. मी हिला उठवायचो न्हाय. रडंल, मग माझं पाऊल निघणार न्हाय, म्हणून. गपचूप आवरायचो. कंदील बारीक केलेला असायचा, त्याच्या उजेडात टोपी घालायचो आणि निघायचो. मला वाटायचं, झोपलीय."

"झोपलेली नसायची?"

"लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं तिनं मला. म्हणाली, आबा, मी जागी असायची. मीच आईला म्हणायची, आज कंदील विझवू नको, बारीक कर. विझवला तर आबा जाताना दिसणार न्हाईत." त्यांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली. "मी टोपी घालताना ती मला बघायची. एवढी वर्षं. डोळं मिटून घेतल्यासारखं करून."

मी दिवा सरळ बंद करून बाहेरच्या खोलीत जात असे. आणि ती दिवा बंद कर असं कधीच म्हणाली नव्हती. एकदाही नाही.

परतीच्या मेट्रोत आबा माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमच्या घरात म्हणायची व्हय ती? दिल्लीत?"

"हो."

"रोज?"

"रोज, आबा."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. पिशवी त्यांच्या मांडीवर होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

*

रविवारी दुपारी आम्ही तिघांनी दिवा बसवला. मुलीच्या पलंगाशेजारी भिंतीवर होल्डर होता आणि त्याचं बटण हाताच्या अंतरावर. तीच जागा आम्ही निवडली. मी मुख्य स्विच पाडला. मुलगी स्क्रू ठेवायला वाटी घेऊन बसली. आबांनी टॉर्च धरला.

"आबा, हलवू नका."

"मी न्हाय हलत. तुमची भिंत हलतीय, सरकारी हाय."

प्लेट निघाली, जुना स्विच निघाला. दोन तारा, एक विजेची, एक दिव्याकडे जाणारी. मी कागदावरचं चित्र मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण गप्प राहून वाचलं की माझा हात थांबतो. तारा नव्या बटणात घातल्या, स्क्रू आवळले, ओढून पाहिल्या, प्लेट बसवली. मुलीनं वाटी हलवून जाहीर केलं, "एक स्क्रू उरला!" आम्ही दोघं घाबरलो. तो जुन्या स्विचचा निघाला.

पडदे ओढून घेतले तेव्हा संध्याकाळ होत होती. मी मुख्य स्विच वर केला. मुलीनं बटण दाबलं आणि खोली पिवळी झाली. त्या पांढऱ्या ट्यूबखाली इतके दिवस काढल्यावर तो उजेड कुणी तरी घरी आल्यासारखा वाटला.

"आता एक गोष्ट ठरवायची आहे," मी सांगितलं. डिमरच्या कडेला एक छोटासा स्क्रू असतो. दिव्यानं खाली किती जायचं ते त्यानं एकदा ठरवून ठेवता येतं. मग बटण पूर्ण खाली फिरवलं तरी दिवा त्याच्याखाली जात नाही. बंद करायचा झाला तर मुद्दाम दाबावं लागतं. "हे तू ठरव. किती बारीक चालेल?"

ती विचार करत राहिली. मग पलंगावर जाऊन आडवी झाली, झोपते तशी, भिंतीकडे पाठ करून. "आबा, तुम्ही तुमच्या जागी झोपा."

आबा खाटेवर आडवे झाले.

"टॉवेल नाही घ्यायचा."

"न्हाय घेतला बाई."

"कर बाबा खाली. हळू हळू."

मी स्क्रू फिरवत गेलो. पुस्तकांच्या पाठीवरची नावं गेली. कपाटाच्या कडा गेल्या. भिंतीवरचं कॅलेंडर नुसता फिका चौकोन राहिलं.

"अजून."

"दिसतंय का?"

"दिसतायत आबा. अजून कर... अजून. बस!" ती डोळे बारीक करून बघत होती. "आता आबा दिसतायत. सुरकुत्या नाही दिसत."

"मग हेच ठेवा," आबा म्हणाले. "जवान दिसतोय मी."

"आबा, तुम्ही उठून दाराकडे जा."

आबा उठले. खाट कुरकुरली. ते दारापर्यंत गेले आणि वळले. तिनं उशीवरून मान न उचलता त्यांना शेवटपर्यंत पाहिलं.

"दिसलात," ती म्हणाली. "सगळे दिसलात. ठीक आहे, बाबा. एवढाच बारीक."

पेन्सिलवाला विनोद या वेळी तिनं केला नाही. बारीक हा शब्द तिनं पहिल्यांदाच थट्टा न करता वापरला, आणि तो तिच्याच तोंडचा असावा तसा वापरला.

*

त्या रात्री आणि पुढच्या काही रात्री टॉवेल घडी केलेलाच राहिला. आबांच्या डोळ्यांतली लाली उतरली. बागेतल्या म्हाताऱ्यांशी ते आता मान वर करून वाद घालत होते. मी तिकिटाचा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही, पण माझ्या मनातून तो जात नव्हता. दिव्याचं न्हाय हो ते, असं ते म्हणाले होते. झोपेचं काम मी केलं होतं. नात्याचं उत्तर माझ्याकडे अजून नव्हतं.

एकदा जेवणं उरकल्यावर मी पाण्याचा तांब्या ठेवायला त्यांच्या खोलीत गेलो. गोष्ट ऐकता ऐकता मुलगी झोपून गेली होती. दिवा अर्ध्यावर होता. आबा छताकडे बघत पडले होते.

"झोपली," ते हळूच म्हणाले. "हिच्या शाळेला सुट्टी कधी लागती?"

"मेच्या मध्याला."

"तवा जाऊ मग. हिला घेऊन जातो गावाला. आंबं खाईल, विहिरीवर जाईल. जूनला घेऊन येतो परत."

"परत येता?" मला खात्री करून घ्यायची होती.

"मग? शाळा कोण करणार हिची? मी?" ते कुशीवर वळले. "आणि निघताना उठवायचं हाय मला तिला. तिनं लिहून घेतलंय माझ्याकडनं. आता दोघंबी एकाच गाडीत, तर कोण कुणाला उठवतंय बघू."

मी तांब्या स्टुलावर ठेवला, फुलपात्र पालथं घातलं आणि निघालो. दारात पोहोचलो असेन, तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला, अर्धा झोपेत गेलेला.

"दिवा बारीक कर रं जरा."

मी तसाच थांबलो. मग परत येऊन पलंगापाशी वाकलो आणि बटण डावीकडे फिरवत नेलं, ते जिथं थांबतं तिथपर्यंत. पुस्तकं गेली, कपाट गेलं. मुलीचा हात खाटेच्या कडेवर पडलेला होता, आबांच्या बाहीला लागून. तेवढं दिसत होतं.

"झाला?" आबांनी डोळे न उघडता विचारलं.

"झाला, आबा."

"जा मग. झोप तूबी."